कॅन्सरवरच्या नव्या अँटिबॉडी औषधाची पहिली मानवी चाचणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅन्सर चौथ्या स्टेजला आहे, दोन-तीन प्रकारची केमो होऊन गेली आहे, आणि ओपीडीत डॉक्टर सांगतात, ‘एक ट्रायल सुरू आहे, फेज वन. घरी बोलून कळवा.’ त्यानंतरच्या चार-आठ दिवसांत पेशंटच्या आणि घरच्यांच्या मनात जे येतं, त्यातलं बरंचसं डॉक्टरांसमोर विचारायचं राहून जातं. ते प्रश्न इथे घेतले आहेत. तुमच्या पेशंटबद्दलचा निर्णय त्याची फाईल पाहिलेल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

फेज वन म्हणजे औषध लागू पडतं का ते बघणं ना?

नाही. फेज वनमध्ये विचारलेला प्रश्न वेगळा असतो: हे औषध माणसाला किती प्रमाणात देता येईल, आणि तेवढं दिल्यावर शरीरात काय काय होईल? गाठ लहान होते का, हे डॉक्टर पाहतात, त्याची नोंदही ठेवतात. पण चाचणी त्यासाठी आखलेली नसते. ते काम फेज टूचं. आणि आजच्या प्रचलित उपचारापेक्षा नवं औषध खरंच चांगलं आहे का, हे ठरतं फेज थ्रीमध्ये, शेकडो पेशंटची तुलना करून.

माझ्या मते या पानावरची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. तुमच्या पेशंटला फायदा होऊ शकतो, पण ही चाचणी त्याच्या फायद्यासाठी रचलेली नाही. ही गोष्ट स्वच्छ माहीत असताना दिलेला होकार आणि ‘नवीन इंजेक्शन आलंय, त्याने बरं वाटेल’ एवढ्यावर दिलेला होकार, यांत फार मोठा फरक आहे.

अँटिबॉडी औषध म्हणजे केमोचाच एक प्रकार का?

नाही. केमो झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करते, मग ती पेशी कॅन्सरची असो की केसांच्या मुळाची. अँटिबॉडी हे एक मोठं प्रथिन असतं आणि ते पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका ठराविक रेणूलाच जाऊन चिकटतं. आपलं शरीर जंतूंविरुद्ध अशा अँटिबॉडी स्वतः बनवतच असतं. एकाच प्रकारची अँटिबॉडी प्रयोगशाळेत हवी तेवढी बनवण्याची रीत जॉर्जेस कोहलर आणि सेझार मिल्स्टाइन यांनी १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये शोधली. १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. कॅन्सरवरची पहिली अशी अँटिबॉडी, रिटुक्सिमॅब, अमेरिकेत १९९७ मध्ये मंजूर झाली आणि पुढच्याच वर्षी स्तनाच्या कॅन्सरसाठी ट्रास्टुझुमॅब. ही दोन्ही नावं आज आपल्याकडच्या कॅन्सर वॉर्डांत रोज ऐकू येतात.

नव्या चाचण्यांमधल्या अँटिबॉडी मात्र एकसारख्या नसतात. काही अँटिबॉडी प्रतिकारशक्तीवरचा लगाम सैल करतात. काहींच्या अंगावर केमोचा विषारी रेणू बांधलेला असतो आणि तो त्या थेट कॅन्सरच्या पेशीत नेऊन सोडतात. काही दोन हातांनी दोन पेशी धरतात, एका हातात कॅन्सरची पेशी आणि दुसऱ्यात प्रतिकारशक्तीची टी पेशी. तिन्हींचे धोके वेगळे आहेत. म्हणून डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: यातली ही कोणत्या जातीची?

म्हणजे आधी कुणालाच दिलेलं नसतं? पहिले आम्हीच?

चाचणी कुठल्या टप्प्यावर आहे यावर ते अवलंबून असतं. अगदी पहिल्या गटात असाल तर हो, तुमच्याआधी हे औषध कुणा माणसाला दिलेलं नसेल. त्याआधी पेशींवर आणि प्राण्यांवर, बहुधा माकडांवर, तपासण्या झालेल्या असतात. पण माकडावरून माणसाचा अंदाज किती चुकू शकतो, हे २००६ मध्ये लंडनमध्ये दिसलं.

त्या वर्षी १३ मार्चला नॉर्थविक पार्क हॉस्पिटलच्या आवारात टीजीएन-१४१२ नावाची अँटिबॉडी सहा निरोगी तरुणांना दिली गेली. माकडांना जेवढी सोसली होती त्याच्या पाचशेव्या हिश्शाएवढाच डोस होता. एकाचं इंजेक्शन झालं की सुमारे दहा मिनिटांत पुढच्याचं, असं करत सहाही जणांचं उरकलं. दीड तासाच्या आत सगळ्यांना ताप, थरकाप, भयानक डोकेदुखी सुरू झाली आणि काही तासांत एकेक अवयव निकामी होऊ लागले. सहाही जण वाचले, पण एकाला हातापायांच्या बोटांचे भाग गमवावे लागले. पुढे उलगडा झाला तो असा: ही अँटिबॉडी टी पेशींवरच्या ज्या रेणूला चेतवत होती, तो माणसाच्या एका प्रकारच्या टी पेशींवर असतो आणि चाचणीतल्या माकडांच्या तशाच पेशींवर नसतो. माकडं शांत राहिली होती ती त्यामुळे.

त्या दिवसानंतर नियम बदलले. युरोपच्या औषध नियामकांनी २००७ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. पहिला डोस ठरवताना माकडाने किती सोसलं एवढंच न पाहता, माणसाच्या पेशींवर सगळ्यात कमी किती औषधाने परिणाम दिसू लागतो, तिथून सुरुवात करायची. पहिल्या पेशंटला एकट्याला डोस द्यायचा, ठरलेला काळ वाट पाहायची, मगच दुसऱ्याला. आज तुमच्या पेशंटला सांगितलं जातं की ‘आधीच्या पेशंटचे दिवस पूर्ण व्हायचेत, तुमची तारीख पुढच्या आठवड्यात’, तेव्हा मागे हे कारण असतं. उशीर झाला म्हणून जीव कासावीस होतो हे खरं आहे, पण ही वाट पाहणं तुमच्याच सुरक्षेसाठी आहे.

डोस कसा वाढवतात?

अनोळखी नदीत उतरणारा माणूस पायाने तळ चाचपत पुढे सरकतो, तसाच. सगळ्यात जुनी आणि अजूनही चालणारी पद्धत तीन-तीनच्या गटांची आहे. तीन पेशंटना एक डोस द्यायचा. साधारण तीन-चार आठवड्यांत कुणालाही गंभीर त्रास झाला नाही तर पुढच्या तिघांना वरचा डोस. तिघांपैकी एकाला झाला तर त्याच डोसवर आणखी तीन जण. दोघांना किंवा जास्त जणांना झाला तर थांबायचं आणि खालचा डोस खरा मानायचा. हल्ली संगणकाच्या गणिताने पायऱ्या ठरवणाऱ्या पद्धतीही वापरतात, पण विचार तोच.

आमच्या पेशंटला अगदी खालचा डोस मिळाला. मग सगळं वायाच ना?

हा प्रश्न विचारताना लोकांचा आवाज बदलतो. त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

निवोलुमॅब हे आज इम्युनोथेरपीतलं, म्हणजे प्रतिकारशक्तीला कामाला लावणाऱ्या उपचारातलं, सगळ्यांना माहीत असलेलं नाव. वर सांगितलेल्या लगाम सैल करणाऱ्या जातीची ही अँटिबॉडी. त्याची पहिली मानवी चाचणी अमेरिकेत झाली आणि २०१० मध्ये बॉल्टिमोरच्या ज्युली ब्राह्मर आणि सहकाऱ्यांनी ती प्रसिद्ध केली. पेशंट फक्त ३९. सगळ्यांचा कॅन्सर पसरलेला, सगळ्यांचे नेहमीचे उपचार संपलेले. डोस वजनाच्या दर किलोमागे ०.३ मिलिग्रॅमपासून १० मिलिग्रॅमपर्यंत. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या एका पेशंटची गाठ पूर्ण गेली. मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) एकाची आणि किडनीच्या कॅन्सरच्या एकाची बरीच लहान झाली. बाकीच्यांपैकी बहुतेकांना असा फायदा झाला नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं.

पण त्या पेशंटच्या रक्तात आणखी एक गोष्ट दिसली. औषध ज्या रेणूला जाऊन चिकटतं, ते रेणू दोन महिन्यांहून अधिक काळ बऱ्याच अंशी झाकलेले राहत होते, आणि डोस लहान असो वा मोठा, त्यात फारसा फरक पडत नव्हता. केमोमध्ये ‘सोसेल तेवढं जास्त द्या’ हा हिशेब चालतो. इथे तो लागू होत नव्हता.

या निरीक्षणाचा धागा परळपर्यंत येऊन पोहोचला. निवोलुमॅबचा प्रचलित डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम, आणि तो विकत घेणं आपल्याकडच्या बहुतेक घरांना अशक्य. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी तोंड आणि घशाच्या वाढलेल्या कॅन्सरसाठी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिलं, स्वस्त गोळ्यांच्या केमोबरोबर. १५१ पेशंटच्या या तुलनात्मक अभ्यासात नुसत्या गोळ्यांच्या गटात वर्षाअखेर १६.३ टक्के पेशंट हयात होते, तर निवोलुमॅब मिळालेल्या गटात ४३.४ टक्के. पूर्ण डोसशी तुलना त्यांनी केली नव्हती, त्यामुळे ‘कमी डोस पूर्ण डोसइतकाच चांगला’ असं या अभ्यासावरून म्हणता येत नाही. पण ज्यांना काहीच मिळणार नव्हतं अशांना काहीतरी मिळू लागलं.

तेव्हा खालच्या डोसवर असताना तपासणीसाठी दिलेलं रक्त वाया जात नाही. त्या पेशंटला स्वतःला फायदा होईल की नाही, हे मात्र कुणीच सांगू शकत नाही, आणि जो खात्रीने सांगतो त्याच्यापासून सावध राहा. बऱ्याच चाचण्यांमध्ये वरचा डोस सुरक्षित ठरल्यावर खालच्या गटातल्या पेशंटना तो घेता येतो; तुमच्या चाचणीत तशी सोय आहे का, ते विचारून घ्या.

फायदा होण्याची शक्यता आकड्यात सांगाल?

अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या २००० ते २०१९ या काळातल्या ४६५ फेज वन चाचण्यांचा, म्हणजे तेरा हजारांहून अधिक पेशंटचा, आढावा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्व प्रकारची औषधं होती, फक्त अँटिबॉडी नव्हेत. गाठ ठळकपणे लहान झालेल्यांचं प्रमाण सुरुवातीच्या वर्षांत ९.६ टक्के होतं, शेवटच्या वर्षांत ते १८ टक्क्यांवर गेलं. औषधामुळे मृत्यू आलेल्यांचं प्रमाण ०.७ टक्के. गाठ लहान होणं म्हणजे कॅन्सर बरा होणं नव्हे. मोजमापाच्या नियमाप्रमाणे गाठींच्या व्यासांची बेरीज ३० टक्के कमी झाली की त्याला प्रतिसाद म्हणतात, आणि तो किती महिने टिकेल हा वेगळा प्रश्न.

म्हणजे शेवटच्या वर्षांतला आकडा धरला तरी पाचांतल्या चौघांची गाठ त्या अर्थाने लहान झाली नाही. काहींचा आजार काही काळ आहे तिथे थांबतो, तोही काही जणांसाठी मोलाचा असतो.

आतड्याच्या कॅन्सरच्या ज्या एका पेशंटचा वर उल्लेख केला, त्याच्याबद्दल आणखी थोडं. निवोलुमॅब आणि त्याच्या वर्गातल्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये आतड्याच्या कॅन्सरच्या ३३ पेशंटपैकी फक्त त्या एकाला गुण आला. त्यालाच का, म्हणून शोध घेतला तेव्हा कळलं की त्याच्या गाठीच्या पेशींमध्ये डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेली होती. त्यावरून पुढचे अभ्यास झाले, आणि २०१७ मध्ये अमेरिकेत त्याच वर्गातलं दुसरं औषध, पेम्ब्रोलिझुमॅब, असा बिघाड असलेल्या कॅन्सरसाठी मंजूर झालं, मग गाठ कुठल्याही अवयवात असो. आज आपल्याकडेही आतड्याच्या कॅन्सरच्या बायोप्सीवर ही तपासणी सांगतात.

काय त्रास होऊ शकतो?

पहिल्या डोसच्या वेळी थंडी वाजणं, ताप, अंगावर पित्त उठणं, रक्तदाब उतरणं. याची तयारी नर्सकडे असते, सलाईनचा वेग कमी करून बहुतेक वेळा निभावतं. दोन पेशी धरणाऱ्या अँटिबॉडीत हाच प्रकार जोरात होऊ शकतो, म्हणून सुरुवातीचे डोस पेशंटला भरती करून, थोडे थोडे वाढवत देतात. विषारी रेणू वाहून नेणाऱ्या अँटिबॉडीत रक्तातल्या पेशी कमी होणं, डोळ्यांचा त्रास, फुप्फुसाला सूज हे धोके असतात.

लगाम सैल करणाऱ्या अँटिबॉडीबद्दल जास्त जपून राहायला हवं, कारण तिथे त्रास कॅन्सरसारखाही दिसत नाही आणि औषधासारखाही नाही. स्वतःचीच प्रतिकारशक्ती आतडं, फुप्फुस, लिव्हर, थायरॉइड यांच्यावर उलटते. कधी दोन आठवड्यांनी, कधी कित्येक महिन्यांनी. निवोलुमॅबच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या फेज वन चाचणीत २९६ पेशंटपैकी तिघांचा मृत्यू फुप्फुसाच्या सुजेने झाला. अँटिबॉडी शरीरात आठवडेच्या आठवडे राहते, त्यामुळे औषध बंद केलं की त्रासही लगेच थांबेल असं नसतं. वेळेवर स्टिरॉइड सुरू करणं हाच बहुतेकदा उपाय असतो.

म्हणून एक कळकळीची विनंती. गावी परतल्यावर दिवसाला चार-पाच वेळा जुलाब होऊ लागले, कोरडा खोकला लागला, जिना चढताना नव्याने धाप लागली, तर जवळच्या डॉक्टरांकडून नुसतं जुलाबाचं किंवा खोकल्याचं औषध घेऊन थांबू नका. चाचणीच्या कोऑर्डिनेटरला फोन करा, मग रात्रीचे दोन वाजलेले का असेनात. औषधाचं नाव आणि फोन नंबर असलेलं कार्ड पेशंटच्या खिशात आणि घरातल्या एका तरी माणसाच्या मोबाइलमध्ये असू द्या, आणि गावच्या डॉक्टरांना ते आधीच दाखवून ठेवा.

सोबत काढा, गुळवेल चालेल का?

लपवून तर अजिबात नको. गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवल्या आहेत. नव्या औषधाच्या चाचणीत लिव्हरचे आकडे वाढले की दोष औषधाचा की काढ्याचा हे कळणार नाही, आणि पेशंटचा डोस विनाकारण बंद होईल.

आम्हाला खोटं औषध तर देणार नाहीत?

वाढलेल्या कॅन्सरच्या फेज वनमध्ये सहसा नाही. सगळ्यांना खरंच औषध मिळतं, फक्त डोस वेगळा असतो.

पेशंटला घेतील की नाही, ते कशावर ठरतं?

पेशंट स्वतःची कामं स्वतः करतो का, चालता-फिरता आहे का, हे पहिलं. मग लिव्हर, किडनी, हिमोग्लोबिन, हृदयाचा एको. मागची केमो संपून बहुधा तीन-चार आठवडे झालेले असावे लागतात. संधिवात, सोरायसिस यांसारखा प्रतिकारशक्तीचा जुना आजार, मेंदूत पसरलेली गाठ, रोजचं स्टिरॉइड, यांमुळे नकार येऊ शकतो. कधी गाठीवर तो ठराविक रेणू आहे का हे बघायला नवी बायोप्सी लागते आणि तो निघाला नाही की दार बंद. नकार आला तर तो औषध तपासण्याच्या गरजेतून आलेला असतो, पेशंटमध्ये काही कमी आहे म्हणून नव्हे. घरी सांगताना हे नक्की सांगा.

किती फेऱ्या माराव्या लागतात?

खूप. पहिल्या महिन्यात तर कधी आठवड्यातून दोन-तीनदा. औषध रक्तात किती वेळ टिकतं हे मोजायला डोसच्या दिवशी तासातासाला रक्त घेतात. सहा ते आठ आठवड्यांनी स्कॅन. लातूर, चंद्रपूर, सिंधुदुर्ग इथून येणाऱ्यांना निदान पहिला महिना मुंबई-पुण्यात राहावंच लागतं. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि तशाच इतर संस्था टाटाच्या पेशंटची सोय करतात, पण जागा मर्यादित असते. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाशी आधी बोला. रेल्वेची कॅन्सर पेशंटसाठीची सवलत घ्या. प्रवासखर्च चाचणीतून मिळतो का, ते संमतीपत्रात लिहिलेलं असतं. उरलेले महिने किती मोलाचे आहेत आणि त्यातले किती दिवस हॉस्पिटलच्या बाकावर जातील, हा हिशेब पेशंटने स्वतः करायचा आहे. तो करताना त्याच्यावर दडपण आणू नका.

खर्च कुणाचा? काही बरंवाईट झालं तर?

चाचणीचं औषध आणि केवळ चाचणीसाठीच्या तपासण्या प्रायोजक कंपनीच्या खर्चाने होतात. भारतात ‘नवी औषधे आणि वैद्यकीय चाचणी नियम, २०१९’ लागू आहेत. चाचणीत इजा झाली तर मोफत उपचार द्यावे लागतात. गंभीर घटना घडल्यास डॉक्टरांनी २४ तासांत कळवणं बंधनकारक आहे. इजा किंवा मृत्यू चाचणीमुळे झाला असं ठरलं तर भरपाई मिळते. आजारच वाढून मृत्यू झाला तर ती मिळत नाही.

मृत्यूच्या भरपाईच्या सूत्रात आठ लाख रुपये हा पाया धरून वय आणि आजाराच्या गांभीर्यानुसार आकडा काढतात. सहा महिन्यांहून जास्त जगण्याची आशा नसलेल्या पेशंटसाठी त्यातला गुणक ०.५, निरोगी स्वयंसेवकासाठी ४. हिशेबाचं तर्कशास्त्र समजतं, तरी मला ते पटत नाही. सगळ्यात जास्त जोखीम सोसून पुढच्यांसाठी वाट काढणाऱ्या माणसाच्या घराला सगळ्यात कमी रक्कम, हे बदलायला हवं.

आईला कॅन्सर आहे हे सांगितलेलंच नाही. सही मी केली तर चालेल?

नाही. हा प्रश्न आपल्या घरांमध्ये मायेपोटी येतो, तरी उत्तर नाहीच आहे. शुद्धीवर असलेल्या, समजू शकणाऱ्या पेशंटची संमती तिनेच द्यायची. आजार कोणता, औषध अजून सिद्ध झालेलं नाही, दुसरे पर्याय काय, हे सगळं तिला माहीत हवं. संमतीपत्र तिला समजणाऱ्या भाषेत मिळणं हा तिचा हक्क आहे, म्हणून मराठी प्रत मागा. वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार हजर राहून सगळं वाचून दाखवलं गेलं पाहिजे. सही केलेल्या कागदांची प्रत घरी न्यायची. काही चाचण्यांमध्ये या बोलण्याचं व्हिडिओ रेकॉर्डिंगही करतात. त्याला घाबरू नका, ते तुमच्या संरक्षणासाठी आहे. सांगायचं कसं हे सुचत नसेल तर पॅलिएटिव्ह (वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या) विभागातले समुपदेशक मदत करतात. बहुतेक आयांना घरात काय लपवलं जातंय याचा अंदाज आधीच आलेला असतो.

मध्येच सोडता येतं? नाही म्हटलं तर डॉक्टर उपचार थांबवतील?

कधीही, कारण न देता सोडता येतं. नकार दिला म्हणून नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. सोडताना सुरक्षेसाठी शेवटची एक तपासणी मात्र करून घ्या.

ट्रायल घेतली नाही तर हार मानल्यासारखं होईल का?

मुळीच नाही. वेदना, धाप, झोप, भूक यांची नीट काळजी घेणारी पॅलिएटिव्ह सेवा हा पूर्ण उपचार आहे, आणि चाचणीत असणाऱ्यांनीही ती सोबत घ्यावी. मॉर्फिन सुरू केलं म्हणजे चाचणी बंद होते, हा गैरसमज आहे.

भारतात अशा चाचण्या होतात का? शोधायच्या कुठे?

होतात, पण कमी. परदेशात शोधलेल्या औषधाचे तिथले फेज वनचे निष्कर्ष आधी दाखवावे लागतात, मग इथे ते पुन्हा करण्याची किंवा पुढच्या टप्प्याची परवानगी मिळू शकते. भारतात शोधलेल्या औषधाची सुरुवात इथेच होते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून उभा केलेला, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झालेला रक्ताच्या कॅन्सरवरचा कार-टी सेल उपचार (पेशंटच्याच टी पेशी बाहेर काढून, बदलून परत देणं) असाच इथल्या पहिल्या टप्प्यापासून पुढे गेला. ते सुटं अँटिबॉडी औषध नाही, पण कॅन्सरची पेशी ओळखायला त्यातही अँटिबॉडीचाच तुकडा वापरला आहे.

भारतातली प्रत्येक औषध चाचणी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ या सरकारी नोंदवहीत नोंदवणं २००९ पासून सक्तीचं आहे. ती इंटरनेटवर कुणालाही मोफत पाहता येते. तिथे औषधाचं नाव किंवा आजार टाकला की चाचणी कुठल्या टप्प्याची, कुठल्या हॉस्पिटलांत, प्रमुख डॉक्टर कोण आणि एथिक्स कमिटीची (चाचणीत पेशंटची सुरक्षा आणि हक्क जपणाऱ्या समितीची) मंजुरी आहे का, हे दिसतं. संमतीपत्रावर नोंदणी क्रमांक असेल तर तो टाकून पाहा. क्रमांक सापडत नसेल, किंवा चाचणीच्या औषधासाठी तुमच्याकडे पैसे मागितले जात असतील, तर सही करू नका आणि एथिक्स कमिटीच्या सचिवांना फोन लावा. त्यांचा नंबर संमतीपत्रातच छापलेला असतो.